ओढ्यापलीकडून उत्तर

३ ऑक्टोबर, शनिवार

घेतलं!

लिहितानासुद्धा हसू येतंय. पन्नाशीला टेकलेला बाप्या मी, आणि घरी येताना ट्रकमध्ये शेजारच्या सीटवरच्या पुठ्ठ्याच्या डब्याकडे दर वळणाला बघत होतो — आहे ना? आहे. जणू खिडकीतून उडून जाणार होता.

पॉइंट टू-टूचं पिस्तूल. एवढंसं! माझ्या पंजात धरलं की करंगळीला जागाच उरत नाही, ती बिचारी खाली लोंबकळत राहते. एस्टेपच्या हार्डवेअरच्या दुकानात, अगदी मागे, खिळ्यांच्या पिंपांपलीकडे बंदुकांचं कपाट आहे. उन्हाळाभर मी तिथे ‘खिळे घ्यायला’ जात होतो. घरात आता इतके खिळे झालेत की नोहाचं दुसरं तारू बांधता येईल.

दुकानाची मालकीण वॉनीटा एस्टेप आज सरळच म्हणाली, “आर्लिस, बाबा, आज कुठले खिळे देऊ? की कपाटाचं कुलूप काढू एकदाचं?”

म्हटलं, “नुसतं हातात धरून बघतो.”

“असंच माझा नवरा म्हणाला होता — माझा हात धरताना!”

ओळखपत्र दिलं, सही केली, तिनं सरकारी तपासणीसाठी फोन लावला, तिकडून होकार आला. झालं. वर काडतुसांचे डबे.

घरी वॉन्डानं हात पुसत पुसत विचारलं, “हे कशासाठी?”

“डबे पाडायला.”

“कसले डबे?”

“रिकामे. घेवड्याचे, पीचचे... कसलेही.”

“म्हणजे कामाचं काहीच नाही?”

“काहीच नाही.”

बायकोनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “बरं.” आणि घेवडा ढवळायला गेली. पंचवीस वर्षांच्या संसारात इतकं छान ‘बरं’ मी ऐकलेलं नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

हात लावला नाही. रविवार तो रविवार. पण प्रार्थनेला डोळे मिटले की तो डबाच दिसे! प्रभूनं पाहिलं असणार. हसलाही असेल, असं मला आपलं वाटतं.

५ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर ग्रेडरवर बसून कौंटीचे रस्ते सपाट करत होतो आणि डोकं घरामागच्या दरडीत. कामावरून आलो, जेवायच्या आधीच तिकडे. दरड उभी, मातीची, गोळी गिळून टाकणारी. खाली फळी टाकली, फळीवर डबे मांडले.

मॅगझिन भरताना अंगठ्याची सालटी निघाली — ते बटण खाली ओढून धरायचं आणि एकेक काडतूस सरकवायचं. रागच यायला हवा होता. आला नाही.

पहिला बार — फळीला. दुसरा — दरडीला. तिसरा — देव जाणे. चौथा — टण्ण!

घेवड्याचा डबा असा उडाला, असा उडाला! मी एकटाच तिथे उभा आणि तोंडातून शिट्टीच निघाली. धक्का तर काहीच नाही. बाबांच्या बारा बोअरच्या बंदुकीनं खांदा हिरवानिळा व्हायचा. हे म्हणजे कुणीतरी हातावर टिचकी मारावी एवढंच.

रात्रीच्या जेवणाला हात धुतले तरी बोटांना बंदुकीच्या दारूचा वास होता. मुद्दाम पुन्हा धुतले नाहीत.

७ ऑक्टोबर, बुधवार

विचार करतोय. आमच्या घरात बंदूक नेहमी कशासाठी तरी असायची. रश्शासाठी खार. बिळातून येऊन शेंगांत शिरलेला ग्राउंडहॉग. बाबांचं एक काडतूस वाया गेलं तर ते संध्याकाळभर तोंड फिरवून बसायचे. ओढ्याकाठच्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकलो मी, तिथे बाईही तेच शिकवायच्या — ज्याचा उपयोग नाही ते करू नये.

आणि आता हे. ज्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही असं, आणि त्यानं माझ्यासारख्या माणसाला लहान मुलासारखं वाटायला लागलं. हे बरोबर की चूक? आज प्रार्थनासभेत बसल्या बसल्या प्रभूला हेच विचारलं. उत्तर आलं नाही. पण बाहेर आलो तर मेपलच्या झाडानं नुसता पेट घेतला होता, लालभडक — आणि तेही काही कामाचं नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

वॉन्डानं चालवलं!

“दे इकडे,” म्हणाली. “तुझं तोंड बघून मला राहवेना.” दोन्ही हातांनी कसं धरायचं ते दाखवलं, चापावर बोट शेवटी, नळी दरडीकडेच. आवाज अडवायला कानांवर मफ घातले तिच्या. तिनं एक डोळा मिटला, जीभ बाहेर काढली — शिवताना काढते तशी — आणि पीचचा डबा गेला! पहिल्याच बाराला!

मग काय. दुसरा बार आणि रिकामी पुंगळी उडाली ती थेट माझ्या शर्टच्या कॉलरमध्ये. तापलेलं पितळ ते! मी नाचलो. आमच्या चर्चच्या मंडळीत नाचायची बंदी आहे, पण ब्रदर लॉनीनं — म्हणजे आमच्या पाळकानं — ते पाहिलं असतं तर तोही म्हणाला असता, याला माफ आहे. शर्ट बाहेर काढून उड्या मारत होतो. वॉन्डा पिस्तूल नीट खाली ठेवून, मग जमिनीवर बसून हसत होती. डोळ्यांतून पाणी.

“आर्लिस,” म्हणाली, “लग्नात नाचला असतास असा तर काय बिघडलं असतं?”

हसणं थांबलं तेव्हा ओढ्यापलीकडे नजर गेली. होबार्ट त्याच्या ओसरीवर उभा होता. इकडेच बघत होता. मी बघितलं तसा आत गेला.

११ ऑक्टोबर, रविवार

होबार्ट माझा थोरला भाऊ. ओढ्याच्या त्या काठाला एकटाच राहतो, लग्न केलं नाही. मध्ये झुलता पूल. माझ्या ओसरीवरून त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसतो. सात वर्षं आम्ही बोललेलो नाही.

कशावरून? बाकांवरच्या गाद्यांवरून. चर्चमधल्या बाकांवर गाद्या टाकायच्या की नाही यावर सभा झाली. होबार्ट उभा राहिला, म्हणाला म्हाताऱ्या माणसांची हाडं टोचतात. मी हात वर केला तो विरुद्ध बाजूला — आजोबा उघड्या लाकडावर बसले ते आपल्यालाही चालतं. मतं मोजली, गाद्या हरल्या. गादीवाले उठून गेले आणि रस्त्यापलीकडे स्वतःचं चर्च बांधलं. होबार्ट त्यांच्याबरोबर गेला. त्या दिवसापासून रविवारी आम्ही दोघं एकाच वळणावर ट्रक आणतो. तो डावीकडे जातो. मी उजवीकडे.

आज उपासना लांबली. लाकूड टोचलं.

काल वॉन्डा म्हणाली तेच डोक्यात आहे. “तो हसत होता,” म्हणाली. “तुला नाचताना बघून. मला दिसलं.”

मला दिसलं नाही. मला बघायचं होतं.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

स्वस्तातली काडतुसं आणली, ती अडकतात. रिकामी पुंगळी सरकत्या भागात उभीच राहते, धुराड्यासारखी. काढा, पुन्हा मारा. पुन्हा धुराडं. घरी येऊन सगळं उघडून तेल दिलं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं काजळी काढली.

“माझा ब्रश कुठाय?” वॉन्डा.

जुना नव्हता म्हणे.

१७ ऑक्टोबर, शनिवार

चांगली काडतुसं आणायला वॉनीटाकडे. ती अगोदरच हसत होती.

“तुमच्या ओढ्यावर काय साथ आलीय का रे?”

“का?”

“गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नसते, बाबा. पण मंगळवारी एक माणूस आला होता. उंच. तुझंच नाक. म्हणाला, ‘त्यानं घेतलं तसलंच दे.’ मी म्हटलं, त्यानं म्हणजे कुणी? तर म्हणाला, ‘तुला माहीत आहे कुणी.’”

मी काउंटरला धरून उभा राहिलो.

“आणि दोन पौंड खिळेही घेतले त्यानं,” वॉनीटा म्हणाली. “तुम्हा दोघांचं खानदानच येडं.”

१९ ऑक्टोबर, सोमवार

आता नीट लिहितो.

संध्याकाळी दरडीपाशी गेलो. पाच डबे, पाच बार, तीन पडले. कानांवरचे मफ काढले, डबे पुन्हा मांडायला निघालो — आणि पलीकडून, होबार्टच्या घरामागच्या टेकडीतून —

टप. टप. टप. टप. टप.

पाच.

मी वाकलेला तसाच राहिलो. डबा हातात. मग विचार केला, योगायोग. परत आलो, दोन मारले. मफ काढून थांबलो.

टप. टप.

तीन मारले, जरा थांबून एक. तिकडून — तीन, थांबून एक!

वॉन्डाला हाक मारायला धावलो. शेवटच्या पायरीवर अडखळलो, गुडघा फुटला. “ऐक! ऐक ना!” ती आली, ओला हात ॲप्रनला पुसत. मी चार मारले. पलीकडून चार.

“हं,” वॉन्डा म्हणाली. “दोन म्हातारी गाढवं. तोंडं दिलीत ना देवानं?”

“तोंडं वेगळी, वॉन्डा.”

“हो, दिसतंय. तोंडाला पैसे पडत नाहीत, म्हणून वापरत नाही तुम्ही.”

बोलू दे. मी काडतुसं संपेपर्यंत मारली. शेवटी त्यानं एकच मारला. मग ओसरीचा दिवा लावला. शुभ रात्री म्हणाल्यासारखं वाटलं मला. वेडेपणा असेल.

२१ ऑक्टोबर, बुधवार

प्रार्थनासभेनंतर ब्रदर लॉनीनं बाजूला घेतलं. “ओढ्यावर युद्ध सुरू झालंय असं कानावर आलं.”

“युद्ध नाही, ब्रदर.”

“मग काय?”

“तह चाललाय,” म्हटलं.

तो म्हणाला, “मग काडतुसं कमी पडू देऊ नकोस.” आणि पाठीवर थाप मारली. ब्रदर लॉनीनं!

२४ ऑक्टोबर, शनिवार

होबार्टच्या नेमाचं काही खरं नाही. वॉन्डा दुकानात भेटली होती त्याला — ती त्याच्याशी बोलते, कधीच थांबली नाही, “तुम्हा भावांचं तुम्ही बघा” म्हणते. त्यानं तिला सांगितलं, एक डबा पाडायला त्याला आख्खं मॅगझिन लागतं. बाबा म्हणायचेच, होबार्टला कोठार दिलं तरी तो दार चुकवेल.

हे लिहिताना बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं. थोरल्यापेक्षा एका तरी गोष्टीत मी बरा! लहानपणापासून तो माझ्यापेक्षा उंच, जोरात पोहणारा, खणखणीत गाणारा.

१ नोव्हेंबर, रविवार

हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली. आता कामावरून येईतो अंधार. म्हणजे आमचं बोलणं फक्त शनिवारी. शनिवारला किती दिवस उरले हे लहानपणी मोजायचो, तसं झालंय.

७ नोव्हेंबर, शनिवार

हॅलोविनचे भोपळे! वॉन्डानं दोन दिले, मऊ पडलेले. गोळी लागली की भोपळा डोळ्यांतून धार सोडतो. पलीकडेही भोपळेच फुटत होते — आवाजावरून कळतं, ‘टण्ण’ नाही, ‘थप्प’.

पण नुसत्या बारांवर किती दिवस काढणार? बार ऐकू येतात, शब्द नाहीत. त्याला काय म्हणायचंय ते कळत नाही. मला काय म्हणायचंय तेही त्याला कळत नसेल. मला म्हणायचंय — ये ना.

पुलाच्या टोकापर्यंत गेलो आज. पहिल्या फळीवर पाय ठेवला. मग आठवलं, काय सांगून जाणार? सहज आलो म्हणायचं? सात वर्षांनी सहज? परत फिरलो.

१४ नोव्हेंबर, शनिवार

बातमी! अग्निशमन दलाचा टर्की शूट पुढच्या शनिवारी. दरवर्षी बारा बोअरच असतात. यंदा चीफ रॉन्डल साइझमोर म्हणाला, पॉइंट टू-टू पिस्तुलांची वेगळी ओळ लावू, ओढ्यावरचे लोक ऐकत नाहीत. टर्की-बिर्की कुणी मारत नाही तिथे. कागदाचं कार्ड, मधोमध फुली. एक माणूस, एक कार्ड, एक गोळी. ज्याचं भोक फुलीच्या सर्वांत जवळ त्याला बक्षीस. नव्या पाइपांसाठी पैसे जमतात आणि मोठा गलका होतो. आणि दोन्ही चर्चची माणसं येतात — आग लागली की गादीवाला कोण, लाकडाचा कोण हे कुणी विचारत नाही ना.

यंदाचं बक्षीस — रॉन्डलच्या धुरीघरातलं मिठात मुरवलेलं आख्खं हॅम.

होबार्ट येणार असं वॉनीटानं सांगितलं. न विचारता.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

पिस्तूल साफ केलं. ब्रश माझा.

उद्या त्याला निदान ‘कसा आहेस’ म्हणायचं. एवढंच. प्रभू, दोन शब्द दे.

२१ नोव्हेंबर, शनिवार

हसावं की रडावं! वॉन्डा अजून आत हसतेय, भिंतीतून ऐकू येतंय.

पिस्तुलांच्या ओळीत सहा जागा. टोपीतून चिठ्ठ्या काढल्या. मला तीन नंबर. चार नंबर — होबार्ट.

कोपराला कोपर. सात वर्षांत इतका जवळ तो आला नव्हता. केस पांढरे झालेत. अंगाला तोच वास, लाकडाच्या भुशाचा आणि पुदिन्याच्या गोळ्यांचा. दोघांच्या हातात तेच पिस्तूल. मागून कुणीतरी ओरडलं, “जुळे दिसताय रे!” मी घसा साफ केला. ‘कसा आहेस’ अगदी ओठांवर आलं — आणि होबार्ट समोर बघत म्हणाला,

“वारा आहे.”

बस्स. एवढंच. सात वर्षांनी — वारा आहे! माझ्या छातीत असं काही उसळलं की “हो” म्हणायचंही राहिलं. रॉन्डलनं शिट्टी फुंकली. कुणाचा बार आधी, कुणाचा नंतर, मला काही कळलं नाही. मी हात उचलले, नळीच्या टोकाची माशी फुलीवर आणली, श्वास धरला. उभ्या आयुष्यात असा नेम धरला नसेल. कळलंच मला, बसला!

बसला खरा. रॉन्डल कार्डं काढून घेऊन आला, तीन नंबरचं उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, उन्हात धरलं.

“आर्लिस,” म्हणाला, “पांढरं स्वच्छ! नुसतं धुऊन वाळत घातल्यासारखं!”

सगळे हसले. मग त्यानं चार नंबरचं उचललं. दोन भोकं. एक फुलीला घासून — केसभर अंतर. दुसरं खाली डाव्या कडेला, कागद फाटण्याच्या बेतात.

काय झालं ते माझ्या डोक्यात यायच्या आधी सगळ्या मैदानाला कळलं. मी माझ्या भावाच्या कार्डावर गोळी मारली होती!

“ए, यानं भावाचं काम केलं!”

“सात वर्षं बोलला नाही आणि आता थेट गोळीच!”

“आर्लिस, पुढच्या वेळी पत्ता लिहून दे!”

रॉन्डलनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “नियम आहे. कार्डावरचं भोक कार्डवाल्याचं. हॅम होबार्टचं.” आणि पोत्यात गुंडाळलेलं ते धूड होबार्टच्या हातांत दिलं.

होबार्टनं कार्ड बघितलं. बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं. हॅम घेऊन ट्रककडे गेला.

कान अजून गरम आहेत माझे. पण खरं सांगायचं, वाईट वाटत नाही. ते फुलीजवळचं भोक माझंच, बोटांना माहीत आहे. होबार्ट म्हणजे कोठाराचं दार चुकवणारा. पण माझ्या गोळीनं त्याच्या घरी हॅम गेलं. आजवर त्याला काही देता आलं नव्हतं, ते चुकून दिलं गेलं. प्रभूची ही पद्धत असेल तर मला मान्य आहे.

२२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उपासनेला निघालो, दार उघडलं. ओसरीवर पोतं. पोत्यात हॅम!

वॉन्डा कंबरेवर हात ठेवून उभी. “आता?”

“आता काय, परत नेऊन देतो. नियम नियम.”

उपासनेनंतर पूल ओलांडून गेलो. पुलाचा विचारही केला नाही — हातात हॅम होतं ना! होबार्ट घरी नव्हता, त्यांची उपासना लांबते. लांबणारच, गाद्या आहेत. दारात ठेवून आलो.

२३ नोव्हेंबर, सोमवार

कामावरून आलो. ओसरीवर हॅम.

वॉन्डा म्हणाली, “मी खिडकीतून बघितला त्याला. चोरासारखा आला, चवड्यांवर. या वयात! मी हाक मारली तर पळाला.”

“पळाला?”

“पळाला. गुडघे वाजत होते.”

२४ नोव्हेंबर, मंगळवार

आज कामावरून लवकर सुटलो, उजेडातच हॅम खांद्यावर टाकून गेलो. दार वाजवायच्या आधीच उघडलं. होबार्ट.

जसं झालं तसं लिहून ठेवतो.

“हे तुझं,” मी म्हटलं.

“मी एकटा माणूस. एवढं धूड कुठे घालू?”

“ते मला काय माहीत! कार्ड तुझं, हॅम तुझं. रॉन्डल म्हणाला.”

“त्या कार्डावर तुझी गोळी होती की नव्हती?”

“होती.”

“मग?”

“मग काय मग! नियम आहे!”

“तुझं नेहमीचंच. नियम. आजोबा उघड्या लाकडावर बसले म्हणून आपणही बसायचं.”

“बसलो तर काय झिजलो?”

“चालताना बघितलंय मी तुला रविवारी. झिजलास.”

“आणि तू? गादीवर बसून झोपतोस म्हणे!”

“एकदा! एकदाच डोळा लागला, ते कुणी सांगितलं तुला?”

“सगळ्या कौंटीला माहीत आहे, घोरत होतास!”

भांडलो! ओसरीवर, हॅम मध्ये ठेवून, अर्धा तास तरी भांडलो. गाद्या, बाबांची करवत कुणी परत केली नाही, कुंपणाचं फाटक कोण उघडं टाकतं, माझ्या लग्नात त्यानं गाणं चढ्या पट्टीत का सुरू केलं. घसा बसला. मध्येच तो आत जाऊन दोन कप कॉफी घेऊन आला आणि कप माझ्या हातात देऊन पुन्हा ओरडायला लागला. मी कॉफी पिऊन पुन्हा ओरडायला लागलो. कपात त्यानं दोन चमचे साखर घातली होती. विचारलं नव्हतं.

अंधार पडला तेव्हा दोघांनाही पुढचा मुद्दा सुचेना.

“हॅम इथेच राहील,” मी म्हटलं.

“नाही राहणार.”

हॅम घेऊन घरी आलो. हरलो! आणि पुलावरून येताना गात होतो. चढ्या पट्टीत.

२५ नोव्हेंबर, बुधवार

वॉन्डानं निकाल लावला. हॅम मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवलं, मीठ उतरायला. “आता हे कुणाच्याही दारात जाणार नाही,” म्हणाली. “उद्या सण आहे. ज्याचं कुणाचं असेल त्यानं येऊन खावं.” आणि होबार्टला फोन लावला, माझ्यासमोर.

तिकडून काय म्हणाला कळलं नाही. तिनं एवढंच म्हटलं, “बारा वाजता. आणि पाय पुसून ये.”

मी ओसरी झाडली. दोनदा. काहीच सुचत नाही. रताळी सोलतो म्हटलं तर तिनं हाकलून दिलं.

२६ नोव्हेंबर, गुरुवार — उपकारस्तुतीचा सण, थँक्सगिव्हिंग

आला. साडेअकराला! स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला, ओला. पाय इतके पुसले की वॉन्डा म्हणाली, “बाबा रे, पायपुसणं झिजेल.”

हॅम, लवंगा टोचलेलं, वरून तपकिरी साखरेचा पापुद्रा. रताळी, शेंगा, मक्याचा पाव, सफरचंदाचा थरांचा केक. मी म्हटलं, “प्रार्थना तू म्हण, थोरला आहेस.” तो उभा राहिला, डोळे मिटले, आणि किती तरी वेळ नुसता उभा. मग म्हणाला, “प्रभू, उपकार.” बसला. याहून लांब प्रार्थना मी ऐकल्या आहेत. याहून मोठी नाही.

मग जेवण. मग दरड. तिघांनी शेवटचा भोपळा फोडला — फोडला वॉन्डानं, आम्ही दोघांनी नुसता आवाज केला. होबार्ट हसताना अजून नाकातून सूं करतो. हे मी विसरलो होतो! सात वर्षांत विसरलोच होतो.

उजेड जायच्या आत तो निघाला. मी पुलापर्यंत पोचवायला गेलो.

पुलावर जे झालं ते आज लिहीत नाही. नीट लिहायला हवं.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

होबार्ट पुलाच्या मधोमध थांबला होता, दोर धरून. म्हणाला, “आर्लिस, फुलीजवळचं भोक माझं होतं. तुझं ते कडेचं. तुझा बार वाजायच्या आधी मला माझं दिसलं होतं.”

पूल झुलत होता. मी विचारलं, “म्हणजे हॅम खरोखरच तुझं होतं? मग माझ्या दारात का आणून ठेवत होतास?”

त्यानं पलीकडे, त्याच्या अंधाऱ्या घराकडे पाहिलं.

“रिकाम्या हातानं येववेना.”